सतरंजी कोण उचलणार?

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एका कोपऱ्याला शाईचा डाग पडलेली. आज राग आलाय म्हणून बोलते आहे. थोडं कडू लागलं तर गोड मानून घ्या.

हातमागावर विणली गेले आणि पौडच्या एका शाळेत आले. तिथली मुलं माझ्यावर खिचडी सांडायची, भांडायची आणि एकमेकांच्या तोंडावर खरं बोलायची. पुढे बाकं आली, मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझी कड कुरतडली, तरी कोणी विचारपूस केली नाही.

मग मुळशीतल्या एका नव्या विद्यापीठाने मला नेलं. तिथे शुभांगी मॅडमचा एक तास असतो. जात आणि पैसा यांवर मुलांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचं. खुर्च्या नकोत, सगळे एका पातळीवर बसू, असं मॅडम म्हणाल्या. पाहुण्यांनी माझे फोटो काढले. मीही हुरळून गेले.

पण बोलणं कसलं? "आमच्या घरात असलं काही मानत नाहीत," असं जो तो सांगायचा. सगळं गुळगुळीत. तास संपला की चपला घालून पळायचे. मला झटकून घडी घालायची ती सोनियाने. तीही त्याच तासाची विद्यार्थिनी; ताम्हिणीची, घरी शेळ्या. समतेवर तासभर बोलून मला तिच्यावर टाकून जाण्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

एके दिवशी सोनिया उठलीच नाही. "आज सतरंजी कोन उचलनार?"

बावधनची सायली हसून म्हणाली, "अगं, तूच उचल ना. तुम्हाला सवय असते."

"तुमाला म्हंजी कुणाला? हितं मी एकलीच हाय."

सायलीचा चेहरा उतरला. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हनायचं व्हतं. मी न्हाई येनार आता ह्या तासाला."

मॅडम गडबडीने विश्राम शिपायाला बोलवायला निघाल्या. मला ओरडावंसं वाटलं. अहो, आज कुठे कोणी खरं बोललं, आणि तुम्ही तेच झाकायला निघालात?

"विश्रामकाका कशाला?" सोनिया म्हणाली. "ते बसले व्हते का हिच्यावर?"

मग सायली वाकली आणि तिने माझा डागाचा कोपरा धरला. "मला घडी घालता येत नाही," ती चिडून म्हणाली. "आमच्याकडे हे सगळं कामाच्या मावशी करतात. मी कधी केलंच नाही." त्या तासाला ती पहिल्यांदाच काही खरं बोलली होती.

मग सोनियाने उठून माझं दुसरं टोक धरलं. "तानून धर. आता माझ्याकडं ये."

घडी वाकडी पडली. सोनिया पुढच्या तासाला येईल की नाही, मला ठाऊक नाही. मी कपाटात आहे. मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझे फोटो काढू नका. ज्यावर बसलात, ते उठताना आपल्या हाताने उचला. माझी घडी घालायला दोन माणसं लागतात. सोनिया इतके दिवस ती एकटीच घालत होती.