कातळामागचे बुडबुडे

भिकूची नात सेजल दहावी पास झाली, त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, कापडे गावाखालच्या डोहावर माणसांची रीघ लागली. भिकूचा पुतण्या दत्ताराम दत्तामहाराज झाला होता. तो डोहात बुडी मारी आणि साऱ्या आरत्या संपल्या तरी वर येत नसे. पाण्यावर एक बुडबुडा नाही!

"हवेवर जगतो तो माणूस, हवेविना जगतो तो महाराज!" चेला काठावरून ओरडे. "तीर्थ प्या, सुया-गोळ्या फेका!"

भिकूच्या बायकोने, तुळसाने, साखरेच्या आजाराची रोजची सुई खरंच बंद केली.

"सुई घे गो. लबाडी हाय ही."

"पुतण्या मोठा झाला तर तुमच्या पोटात दुखतंय!"

भिकू गप्प बसला. पूर्वी मुंबईच्या गोदीत तो पाणबुड्या माणसांचं सामान दुरुस्त करायचा. दत्तारामने भंगारातलं दोन नळ्यांचं जुनं श्वासयंत्र आणलं, तेव्हा त्याची रबरी चोच भिकूनेच सायकलच्या ट्यूबमधून कापून दिली होती. कशाला, ते विचारलं नव्हतं. डोहावरची गर्दी बघून सगळं कळलं, तरी घरचंच पोर म्हणून गावात तोंड उघडलं नव्हतं.

तुळसाला ग्लानी येऊ लागली तेव्हा तो उठला. सेजलला घेऊन डोहावर गेला. महाराज पाण्यातच होते. भिकू काठावरच्या कातळामागे चढला आणि कपारीतल्या पाण्यावर घरून आणलेला मूठभर कोंडा टाकला. कोंडा उसळला, निवला, पुन्हा उसळला.

"बघा, ह्यो तुमच्या महाराजाचा श्वास!"

"म्हंजे काय रे भिकू?" म्हाताऱ्या राहीबाईने विचारलं.

"खाली हवेची टाकी लपवलीय. नव्या यंत्रातनं सोडलेला श्वास तोंडापाशी बाहेर पडतो, ह्या जुन्यातनं मानेमागं. तिथं रबराची चपटी चोच असते. श्वासानं उघडते, पाण्यानं मिटते. हा कातळाला पाठ लावून बसतो, बुडबुडे सगळे कपारीत."

"तुला कसं ठाव?"

"ती चोच मीच कापलीय."

 सेजलने बुडी मारली. वर आली ती दत्तारामच्या छातीवरच्या नळ्या ओढतच. मागून महाराज खोकत.

"चमत्कार दिसला की हात नका जोडू," भिकू म्हणाला, "बुडबुडा कुठनं येतोय ते शोधा. आणि ज्याला ठाव हाय, त्यानं माझ्यासारखं गप बसू नका. सुया घ्या."

तुळसाला जीपने महाडला नेलं. सुई फार दिवस चुकली होती. त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी सकाळी, तुळसा वारली.