निरोगी नमुना

संस्थेच्या तळघरात माझं राज्य आहे. प्रजा म्हणजे थंड हवेत घुमणारी संगणकांची कपाटं. वरच्या मजल्यांवरचे जीवशास्त्रज्ञ रक्ताचे नमुने जनुकं वाचणाऱ्या यंत्रात घालतात, त्यातून निघालेला डोंगराएवढा डेटा माझ्या गळ्यात मारतात आणि लगेच फोन करून 'झालं का' विचारतात. फायलींना 'शेवटची' आणि 'खरंच शेवटची' अशी नावं देणाऱ्या या मंडळींवर माझा काडीचा विश्वास नाही.

त्यांतल्याच एक माझ्या वहिनी, दादाची बायको. हृदयाचे स्नायू जाड करणारा एक रोग घराण्यात उतरत जातो. माणूस धडधाकट दिसतो आणि एक दिवस पळता पळता कोसळतो. त्या रोगावर त्यांचं काम. रोग्यांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्तही लागतं. ते मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून इथे जो तो आपल्या घरच्यांनाच सुई टोचतो. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, हे एकट्या वहिनींना ठाऊक.

त्या दुपारी त्यांच्या नव्या खेपेचा निकाल पडद्यावर आला आणि मला अगदी गुदगुल्या झाल्या. निरोगी म्हणून पाठवलेल्या एका नमुन्यात रोगाचा जनुकीय दोष ढळढळीत दिसत होता. म्हणजे बाईसाहेबांनी नळ्यांची अदलाबदल केली होती. मागच्या खेपेला याच बाईसाहेबांनी माझ्या संगणकांवर खापर फोडलं होतं. मी विश्लेषण पुन्हा चालवलं. उत्तर तेच. मग लॅपटॉप काखेत मारला आणि लिफ्टची वाटही न बघता धावत जिना चढलो.

वहिनी प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलाशी डबा खात होत्या. मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. त्या हसल्या, सुखाने जेवू द्या म्हणाल्या, आणि सहज विचारलं की तो नमुना बाईचा दिसतोय की पुरुषाचा. एवढं मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं. पुरुषाचा होता.

त्यांचा हात डब्यातच राहिला.

"या खेपेतल्या रोगी सगळ्या बायका आहेत," त्या म्हणाल्या. "पुरुष एकच आहे, निरोगी म्हणून घेतलेला."

"कोण?"

"तुमचा दादा."

माझ्या डोक्यात काही शिरेचना. दादा शाळेत खेळाचा शिक्षक. मुलांना पळवतो आणि स्वतः त्यांच्या पुढे पळतो. त्याला साधी सर्दी होत नाही म्हणून आम्ही घरी त्याची चेष्टा करतो. मग बाबा आठवले. बाबा सुटलेल्या बसमागे धावताना रस्त्यात पडले, ते उठलेच नाहीत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच धरून बसलो, लग्नानंतर वहिनींनाही तेच सांगितलं.

ही दादाची मैदानावरची वेळ होती. वहिनींनी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मी शाळेच्या कार्यालयाला लावला आणि कारकुनावर खेकसलो, की खेळाच्या सरांना आधी थांबवा, कारण मग विचारा. तो फोन टेबलावर ठेवून गेला. पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

शेवटी दादाचा आवाज आला, धापा टाकत. तुझ्या संगणकांना आग लागली का रे, म्हणून विचारत होता. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बस. आहेस तिथे खाली बस."

तो काहीतरी थट्टा करत असावा. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा पलीकडचं बोलणंही थांबलं. बसलोय, म्हणाला. त्यांनी त्याला बजावलं, "मी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. मग आपल्याला थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचंय."

माझा जीव भांड्यात पडला. वहिनींनी पर्स उचलली. गाडी मी काढतो म्हणत मी त्यांच्या आधी जिन्याकडे धावलो.

मागून त्यांनी माझं मनगट धरलं.

"धावू नका, भावोजी," त्या म्हणाल्या. "बाबा तुमचेही होते. तुम्ही लिफ्टने या."

पायरीवर ठेवलेला पाय मी मागे घेतला.