बोटांना कान होते तेव्हा

कार्तिकातली कलती, केशरी, कासावीस दुपार. सड्यावरचं, समुद्रावरच्या त्या उघड्या पठारावरचं गवत पिकून पिवळंधमक झालेलं. वाऱ्यासरशी सळसळणारं, क्षणभर निजणारं, पुन्हा दचकून उठणारं. खाली समुद्र, चकाकता, चुळबुळता, एका जागी ठरेल तर शपथ. वर आभाळ, निळ्याकडून तांबड्याकडे निघालेलं. आणि मधे जांभ्याचा विस्तीर्ण, तांबूस, तप्त कातळ, दिवसभराचं ऊन पोटात घेऊन पडलेला. त्या कातळावर आज नाच होता.

गाव माडशेत. वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या हद्दीला लागून. उघड्यावर रात्री उशिरापर्यंत मोठा आवाज करायचा नाही असा नियम आल्यापासून इथला नाच उन्हातच सुरू होतो आणि दिवेलागणीनंतर आटोपतो. पूर्वी असं नव्हतं. पण पूर्वीचं बोलू लागलं की माणूस म्हातारा झाला असं पोरं समजतात, आणि बहुधा बरोबरच समजतात.

कातळाच्या कडेला, माडाच्या झावळ्यांखाली, एक मेज. मेजावर दोन काळी यंत्रं. यंत्रांमागे अनवाणी उभा असलेला, साठीकडे झुकलेला, सडपातळ, सावळा माणूस म्हणजे उल्हास आरोलकर. त्याचे हात स्वस्थ नव्हते. मेजाची कड चाचपत, वायर सरळ करत, नसलेली धूळ पुसत ते नुसते भटकत होते.

इतर दिवशी हा माणूस पोस्टाशेजारच्या टपरीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. तिथे तो कुणी नव्हे. तो कुणीतरी होता तो इथे, या कातळावर, या मेजामागे. तरुणपणापासून त्याने इथे माणसं नाचवली. विजेच्या यंत्रांतून जन्मलेलं ते संगीत. ना त्याला शब्द, ना त्याला गाव, फक्त एक अखंड, अथक, अनावर ठोका. त्या ठोक्यावर मासेमार नाचले, मास्तर नाचले, जर्मनीहून आलेले लांब केसांचे लोक नाचले आणि बांद्याचा एक एसटी कंडक्टर तर खाकी कपड्यांतच नाचला. कोण कुठला, हे ठोका विचारत नसे.

तेव्हा तबकड्या होत्या. काळ्याभोर, कांतिमान, करकरीत तबकड्या. त्या दुकानात मिळत नसत, माणसांकडून मिळत. मे महिन्यात परदेशी पाहुणे परत निघाले की ओझं नको म्हणून एखादी तबकडी उल्हासच्या हातात ठेवून जात. प्रत्येक तबकडीला एक चेहरा होता, एक निरोप होता. वाजवताना तो चेहरा आठवायचा, आणि उल्हासला वाटायचं, पृथ्वीच्या पाठीवर आपली पुष्कळ माणसं आहेत.

काम सोपं होतं आणि महाकठीण होतं. एक तबकडी लोकांसाठी वाजायची. दुसरी फक्त त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये. दुसरीला बोटाने जरा रेटायचं, जरा रोखायचं, दोन बैल एका चालीत आणावेत तसं. आणि चाल जुळली की एकीतून दुसरीत अलगद उतरायचं. नाचणाऱ्या पायांना पत्ताही लागता कामा नये. पुढे पुढे तर कानाआधी बोटांनाच कळायला लागलं. तबकडीच्या कडेवर टेकलेल्या मधल्या बोटाला ठोक्याचा धक्का लागायचा. उन्हात तिरकी धरली की खाचांची चमक सांगायची, इथे ढोल आहे, इथे शांतता आहे. त्याच्या बोटांना कान होते.

मग काळ पालटला. खाऱ्या हवेने तबकड्यांवर बुरशी धरली. ज्या उरल्या त्या एका उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिल्या आणि पापडासारख्या वाकल्या. सुई मिळेना, यंत्र दुरुस्त करायला कुणी मिळेना, आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करता येईना, यासारखी थट्टा नाही. आता करंगळीएवढा एक पेनड्राइव्ह असतो. त्यात साऱ्या जगाचं संगीत.

उल्हास या पेनड्राइव्हला शिव्या घाली, पण खोट्या शिव्या घालत नसे. त्याला दिसत होतं की आता कुडाळची, दोडामार्गची पोरं घरच्या खाटेवर बसून गाणी रचतात. पाहुण्यांच्या मेहरबानीची वाट बघावी लागत नाही. त्याची स्वतःची मुलगी मैथिली, बापाच्या मेजाखाली झोपून वाढलेली, लॅपटॉपवर असं संगीत करते की कोल्हापूरहून बोलावणं येतं. दार मोठं झालं होतं, हे तो कबूल करी. फक्त त्या दारातून आत येताना कुणी कुणाचा हात धरत नाही, एवढंच त्याला खुपे.

आणि दुसरं एक होतं. ते तो कुणाजवळ कबूल करत नव्हता.

त्याचे कान गेले होते. आयुष्यभर भोंग्यांशेजारी उभं राहिल्याचं ते दान. डाव्या कानात एक रातकिडा येऊन बसला होता, अहोरात्र किरकिरणारा, निद्राहारी, निर्लज्ज. उजव्यात नुसता दाट, धूसर काथ्या. छातीवर आदळणारा मोठा आवाज समजे. पण हेडफोनमधलं नाजूक, निकटचं, येऊ घातलेलं गाणं, ज्याच्यावर सगळा धंदा, ते त्याला ऐकू येत नव्हतं. लोकांनी हाक मारली तर तो पुढे निघून जाई. गावाला वाटे, माणूस माजला. माजला म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. बहिरा म्हणवून घेणं नव्हतं. बहिऱ्याला मेजामागे कोण उभं करतं? आणि मेजामागची ती जागा गेली, तर मागे उरणार एक टपरी आणि एक रातकिडा.

म्हणून मैथिलीने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी हा नाच ठरवला, आणि संध्याकाळचा तास बाबांनी वाजवायचा असं तिने सांगितलं, तेव्हा त्याला आनंद झाला, पण तो लगेच हो म्हणाला नाही. पोरीला वाटलं, नव्या यंत्राची धास्ती आहे. तिने यंत्रावरच्या एका बटणाला आपली लाल टिकली चिकटवली. ते दाबलं की दोन गाण्यांची चाल यंत्र आपली आपण जुळवतं. कानाची गरज नाही, बोटाची नाही, कशाचीच नाही. बटणाकडे बघून उल्हास हसला होता. इतक्या वर्षांत असली लबाडी केली नाही, हे त्याने तिला मोठ्या तोऱ्यात ऐकवलंही होतं.

आता सूर्य समुद्राच्या वर वीतभर. कातळावर गर्दी दाटलेली. रंगीत, घामेजलेली, गोव्याहून मोटारसायकलींवरून आलेली तरुण गर्दी. कडेला जुनी मंडळीही होती. त्यांत शेवंताकाकी चटई पसरून, स्टोव्ह पेटवून, चहाचं पातेलं चढवून बसलेली. पहिल्या नाचापासून ती इथे चहा विकत आली होती. उल्हासने आल्या आल्या तिच्या हाकेला ओ दिली नाही, म्हणून ती फुगली होती आणि शेजारणीला तसं सांगतही होती.

पहिलं गाणं सरत आलं. उल्हासने हेडफोन कानाला दाबला. काथ्या. आणखी दाबला. रातकिडा. यंत्रावरच्या, तबकडीच्या जागी आलेल्या चाकावर बोट ठेवलं. चाक गुळगुळीत, मुकं, निर्विकार, कुठल्याच ठोक्याचा धक्का न देणारं. समोर शेकडो पाय, आणि पुढचं गाणं कुठे आहे ते त्याला माहीत नाही. त्याने डोळे मिटले आणि टिकलीवर बोट ठेवलं.

जुळलं. इतकं सुरेख, इतकं सुबक जुळलं की त्याच्या उमेदीतही कधी जुळलं नसेल. पाय थांबले नाहीत. कुणाला काही कळलं नाही. मैथिलीने मागून अंगठा उंचावून वाहवा केली. उल्हासला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या भर गर्दीत तो इतका एकटा कधीच पडला नव्हता.

पुन्हा टिकली, पुन्हा जुळणं. निर्दोष, निरंतर, निर्जीव. आणि हात रिकामे. हातांना काही करायचं नव्हतं, आणि रिकामे हात त्याला कधीच सोसले नव्हते. तळवे खाजू लागले, बोटं मेजावर येरझाऱ्या घालू लागली. गाणं संपलं की तबकडी उचलायची, फुंकर मारायची, पाकिटात घालायची, ही त्या बोटांची जन्माची सवय. एक गाणं संपलं. दुसरं गरजू लागलं. आणि उल्हासच्या हाताने, त्याला न विचारता, संपलेलं गाणं यंत्रातून उपसून काढलं.

दोन्ही यंत्रांना तो एकच पेनड्राइव्ह होता.

छातीवरचा आघात नाहीसा झाला. समुद्र, सडा, सूर्य, सारं एकाएकी उघडं पडलं. उल्हास तसाच उभा, तळहातावर ती करंगळीएवढी वस्तू, नजर तिच्यासाठी पाकीट शोधणारी. कळलं तेव्हा त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. समोर तरुण चेहरे वर झालेले. कुणी शिट्ट्या मारल्या असतील, कुणी हसलं असेल. त्याला दिसत होती फक्त उघडी तोंडं. झालं, त्याला वाटलं. गेली जागा.

मग तळपायांना काहीतरी लागलं.

आधी त्याला वाटलं, लोक निघाले. पण निघणारे पाय असे पडत नाहीत. हे एकत्र पडत होते. थप्. थप्. थप्. तापल्या कातळातून, अनवाणी टाचांतून, पोटऱ्यांतून तो ठोका वर चढला. त्याने पाहिलं. शेवंताकाकी रुसवा विसरून पळीने पातेल्यावर ताल धरून बसली होती, आणि भोवतीची जुनी माणसं, सुटलेल्या पोटांची, पिकल्या केसांची, पाय आपटत होती. जुन्या काळी सुई घसरली की असंच चाले. उल्हास सुई पुन्हा टेकवेपर्यंत कातळ नाच सांभाळी. गाणं मोडलं म्हणून नाच मोडायचा नाही, ही इथली रीत. पुढे यंत्र चुकेनासं झालं आणि रीतीवर गवत उगवलं. तरुणांनी ती कधी पाहिलीच नव्हती. पोरं क्षणभर बघत राहिली, मग त्यांच्यातला एक पाय पडला, मग दहा, मग सगळा सडा.

मैथिलीने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. तिचे ओठ हलले. त्याला ओठांवरून कळलं.

"बाबानू, मी कवापासून हाक मारतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला सवड होती. वारा होता, गलका होता, नवं यंत्र होतं.

"माका ऐकाक येना नाय, बाय," तो म्हणाला. "लय दिवस झाले. येनाच नाय."

पोरगी पांढरीफटक पडली. मग तिने त्याच्या तळहातावरून पेनड्राइव्ह उचलला, यंत्रात घातला, गाणं लावलं, आणि तिचा हात टिकलीकडे गेला. तिथेच अडला. बटण यंत्राला यंत्राशी जुळवतं. कातळावर तर माणसं होती. ओढाळ, उतावळी, मधेच दमणारी, मधेच उसळणारी. त्यांच्या चालीशी जुळवायला बटण नव्हतं, आणि हाताने जुळवायला मैथिली कधी शिकली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

उल्हासने तिचं बोट धरलं आणि चाकावर ठेवलं. तिचा कान हेडफोनमधल्या गाण्याकडे, त्याचे तळपाय कातळाकडे. टाचेला ठोका लागला की तो तिचं मनगट दाबी. ती ऐके, तो सांगे. रेट. थोडं रेट. आता रोख. तिचं बोट घाबरं, घामेजलं, चाकावरून निसटणारं. त्याचं बोट त्यावर. एकदा चाल चुकली, पाय अडखळले, पातेलं मात्र थांबलं नाही. पुन्हा. आणि मग एका ठोक्याला तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, तिने आवाजाची मूठ वर सरकवली आणि गाणं लोकांच्या पावलांत उतरलं.

सडा उसळला. तो आवाज उल्हासच्या छातीवर आदळला. खडबडीत, किंचित मागेपुढे, माणसांनी माणसांसाठी ओढून आणलेला. टिकलीने जुळवलेल्या गाण्यांपेक्षा तो ओबडधोबड होता. उल्हासला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

मैथिली बाजूला सरकली. जागा त्याची होती. तिने ती मोकळी करून दिली. तो मेजाकडे बघत राहिला, बराच वेळ, पोराबाळांच्या घरी राहायला निघालेल्या माणसाने आपल्या उंबऱ्याकडे बघावं तसा.

"आता तू वाजय," तो म्हणाला. "मी खाली जातंय."

ती नको म्हणाली. रडत, मान हलवत, पुन्हा पुन्हा नको म्हणाली. त्याला ऐकू येत नव्हतं, हे त्याच्या पथ्यावर पडलं.

तो मेजाला वळसा घालून कातळावर आला. एवढ्या वर्षांत त्याने इथे हजारो माणसं नाचवली, पण स्वतः कधी नाचला नव्हता. नाच कसा करायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो नुसताच उभा राहिला, हात लोंबते, अवघडलेले, पोरके. कुणीतरी अनोळखी मुलीने सरकून त्याला जागा केली. एका बाजूने एक घामट खांदा लागला, दुसऱ्या बाजूने एक. पाय आधी टाचेवर हलला, मग गुडघ्यात, मग सगळा देह.

सूर्य पाण्याला टेकला. तांबड्या कातळावर सावल्या लांबल्या, लवलवल्या, एकमेकींत मिसळल्या. उंच, उन्मन, उधळत्या सावल्या, समुद्राकडून डोंगराकडे धावणाऱ्या. मेजामागून मैथिली त्यांत आपल्या बाबांची सावली शोधत राहिली. ती काही तिला सापडली नाही. सगळा सडाच एका ठोक्याला उठत होता, आणि एका ठोक्याला टेकत होता.