नोंद नसलेली कार्डं

"वन्सं, पुन्हा?"

खिडकीशी बसलेल्या नणंदेच्या हातातलं ब्लेड पाहून वहिनीने कपाळावर हात मारला. कोटाची बाही काखेपासून चांगली वीतभर उसवून झाली होती.

"अहो, धडधाकट कोट होता! मागच्या महिन्यात उशांचे अभ्रे, त्याआधी माझा गाऊन. माझा गाऊनसुद्धा सोडला नाहीत तुम्ही!"

"शिवण सैल होती."

"शिवण नाही, तुमचं डोकं सैल आहे. चौतीस वर्षं झाली घरातले कपडे उसवून त्या बाईंकडे नेताय. जे काय सांगायचं ते एकदाचं सांगून टाका ना."

"आज सांगणार आहे."

"हे ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले."

"आज सांगावंच लागणार आहे. उद्या ती दुकान बंद करून लेकीकडे चाललीय. कायमची."

वहिनीने कोट घडी करून पिशवीत घातला, आणि छत्री घ्या, ऊन आहे, एवढंच म्हणाली.

या नणंदबाई रेडिओ केंद्रात कारकून होत्या. केंद्रात त्यांना सगळे 'मोजणीबाई' म्हणायचे, कारण त्यांचं कामच ते. दर आठवड्याला लोकांच्या आवडत्या गाण्यांची यादी रेडिओवर वाचली जायची, पहिल्या नंबरापासून विसाव्यापर्यंत, कुणाला किती कार्डं आली त्या आकड्यासकट. ऐकणाऱ्यांनी पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहून पाठवायचं, आणि मोजणीच्या खोलीत बसून ती कार्डं लावायची. पोत्यांनी यायची. चोवीस वर्षांची पोर होती ती तेव्हा, नोकरी कच्ची, घरी निवृत्त वडील आणि शिकणारा भाऊ. हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी तंबी दिली होती, "कार्डावर जे लिहिलंय तेच नोंदवायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तबकडीवर छापलेली सुरुवातीची ओळ रजिस्टरात बघायची. सापडली तर पुढे एक रेघ. नाही सापडली तर कार्ड 'नोंद नाही' गठ्ठ्यात."

आणि गंमत अशी, की मोजणीच्या खोलीत रेडिओ नव्हता. ऐकून मोजणाऱ्याचं मन एकीकडे झुकू नये म्हणून! घरी होता, पण वडील बातम्या संपल्या की त्याचा कान पिळून तो बंद करत. तेव्हा अख्ख्या गावाची आवड मोजणाऱ्या या मुलीने गाणी जवळजवळ ऐकलेलीच नव्हती. याचा तिला अभिमान वाटायचा. मी कशी काटेकोर, असं.

त्या वर्षी एका नव्या गायिकेची तबकडी आली. रजिस्टरात नोंद होती 'दिवस कलता कलता'. या नावाची आठवड्याला साठ कार्डं यायची, म्हणजे नंबर एकोणिसावा. त्याच वेळी 'नोंद नाही' गठ्ठा मात्र फुगत चालला होता. 'जाताना दार लोटून घे' लावा. 'पाहुण्याचं गाणं' लावा. ते 'दार लोटून' लावा हो. रजिस्टरात 'ज' खाली नाही, 'द' खाली नाही, 'प' खाली नाही. मोजणीबाई सुतळीने गठ्ठा बांधायच्या आणि शनिवारी रद्दीत द्यायच्या. लोक कुठल्या कुठल्या गाण्यांची नावं लिहितात, असं एकदा हेडक्लार्कला हसत हसत म्हणाल्याही होत्या.

अकराव्या आठवड्यात त्या पाव घ्यायला बेकरीत उभ्या होत्या. तिथे रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, 'दिवस कलता कलता'. बाई कान देऊन ऐकू लागल्या, आपल्या एकोणिसाव्या नंबराचं गाणं म्हणून. पहिली ओळ आली आणि गेलीसुद्धा, हलक्या आवाजात, कुणाच्या लक्षातही राहू नये अशी. मग धृपद आलं. जाताना दार लोटून घे. बेकरीवाला म्हणत होता, रांगेतल्या दोन बायका म्हणत होत्या, कुणी बाहेरून शीळ घालत होतं. मोजणीबाई तशाच रांगेतून बाहेर पडल्या. पाव तिथेच राहिला.

त्या आठवड्याचा गठ्ठा अजून रद्दीत गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सोडून त्यातली या गाण्याची कार्डं मोजली. आठशे बारा. पहिल्या नंबरच्या गाण्याला सहाशेसुद्धा नव्हती.

"मग आता काय करू म्हणतेस?" हेडक्लार्क म्हणाला. "अकरा आठवडे आपण चुकीची यादी वाचली, असं जाहीर करू? बारा आठवडे झाले की तबकडी तशीही यादीतून जाते. तुझी नोकरी या महिन्यात पक्की व्हायचीय ना? मग जा, काम कर."

ती गेली आणि काम केलं. नोकरी पक्की झाली. गायिकेचा कंपनीशी करार असा होता की पहिल्या दहात गाणं आलं तरच दुसरी तबकडी. ती निघाली नाही. गायिका पुन्हा कधी गायली नाही. बारा-तेरा वर्षांनी एका नावाजलेल्या बाईंनी तेच गाणं नव्याने म्हटलं आणि ते घरोघरी गेलं. लग्नाच्या निरोपाला, शाळेच्या निरोपाला, आता तर लोकांच्या फोनवरही तेच वाजतं. पहिल्या आवाजाची कुणाला आठवण नाही.

मोजणीबाईंना होती. त्यांनी पत्ता शोधून काढला तेव्हा गायिका कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवत होती. बाई पहिल्यांदा गेल्या त्या खरं सांगायलाच. आणि त्याच वेळी समोरच्या दुकानात ते नवं गाणं लागलं. गायिका, म्हणजे आता शिवणवालीच, मशीन थांबवून म्हणाली होती, "काय गोड गळा आहे. हेच गाणं मी म्हटलं होतं एकदा. चिरकले होते नुसती. गाण्यात दम होता हो, माझ्या आवाजात नव्हता. लोकांना बरोबर कळतं."

काय काम होतं, असं शिवणवालीने विचारल्यावर त्यांनी अंगातल्या जाकिटाचं सुटलेलं बटण दाखवलं. तेवढं एकच काम काय ते खरं होतं.

आज दुकान अर्धंअधिक रिकामं होतं. मांडणी विकली गेली होती, गठ्ठे बांधून भिंतीशी लावले होते. मशीन मात्र चालू होती. मोजणीबाईंना पाहून शिवणवालीने पायानेच स्टूल पुढे सरकवलं, नेहमीसारखं. तिला आता फार कमी ऐकू येत होतं. उजव्या कानात थोडं शिल्लक होतं, तेही जवळ जाऊन मोठ्याने बोललं तर.

"या. म्हटलं, आज आल्याशिवाय राहणार नाहीत. काय आणलंत?"

कोट पुढे झाला. शिवणवालीने बाही उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि हसली.

"आज जाता जाता बोलते, राग मानू नका. शिवण आपोआप सुटली की दोरा कुरतडल्यासारखा दिसतो. हा ब्लेडने कापलाय. तुमचे सगळे कपडे ब्लेडनेच उसवतात."

मोजणीबाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"माहीत होतं तुम्हाला?"

"अहो, शिवणारीला कळणार नाही? वाटलं, बाई एकटी आहे, बोलायला कुणी नाही, निमित्त काढून येते. म्हणून तर स्टूल ठेवलं. माझंही बरं चाललं होतं."

इतकी वर्षं आपण हिची कीव करतोय, आणि ही आपली! मोजणीबाईंना हसावं की रडावं कळेना. आता मागे फिरलो तर संपलंच, हे त्यांना कळत होतं.

"मी एकटी नाही," त्या म्हणाल्या. "मी रेडिओ केंद्रात होते. यादीची कार्डं मी मोजायचे."

"मोठ्याने बोला. कसली कार्डं?"

मग त्या उठल्या, तिच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि जे चौतीस वर्षं कुजबुजतही सांगता आलं नव्हतं ते ओरडून सांगितलं. रजिस्टर, गठ्ठा, सुतळी, बेकरी, हेडक्लार्क, पक्की झालेली नोकरी. बाजूच्या दुकानातला किल्लीवाला बाहेर येऊन उभा राहिला. पँट घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. शरमेने मोजणीबाईंचे कान तापले, पण थांबल्या नाहीत.

"आठशे बारा! एका आठवड्यात! तेव्हा दुसरी कुणी गायलीच नव्हती हो. ती सगळी कार्डं तुमच्या आवाजाला होती!"

मशीनचं चाक थांबलं. शिवणवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि ती साठ?" तिने विचारलं. "एकोणिसाव्या नंबरची?"

"ती नीट मोजली. ती बरोबर होती."

"ती आमची होती." शिवणवाली हळू बोलत होती, स्वतःला ऐकू येत नसल्यासारखी. "आमचे हे लिहायचे. दर आठवड्याला साठ कार्डं. डाव्या हाताने, उजव्या हाताने, पेन्सिलीने. तबकडीवरचं नाव बघून, अगदी बिनचूक. मला खूप उशिरा कळलं. तेव्हा हिशोब केला, की साठ आली नि साठ यांचीच. म्हणजे दुसऱ्या कुणीच नाही. त्या दिवसापासून तोंड बंद केलं मी. हे म्हणायचे, तू गा, तू गा. मी यांच्यावर खेकसायची, तुमच्याशिवाय कुणाला हवंय? दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाले, एकदा म्हण. नाही म्हटलं मी."

मोजणीबाईंनी हात जोडले.

"माफ बिफ मी काही करणार नाही तुम्हाला," शिवणवाली म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही बेकरीतून थेट माझ्याकडे यायला हवं होतं. हे होते तेव्हा."

"हो."

"उठू नका. बसा. काय लिहिलं होतं त्यांनी?"

"कुणी?"

"त्या आठशे जणांनी."

मोजणीबाईंनी डोळे मिटले. तो गठ्ठा मोजताना त्यांनी प्रत्येक कार्ड वाचलं होतं, आणि त्यातली काही अजून जशीच्या तशी आठवत होती. "एका बाईने लिहिलं होतं, आमच्याकडे रेडिओ नाही, शेजारच्या खिडकीखाली उभी राहून ऐकते, तरी माझं मत धरावं. एक कारखान्यातून आलं होतं. बावीस सह्या आणि एक अंगठा. एकाने लिहिलं होतं, बायको माहेरी निघून गेलीय, गाणं सकाळी लावा, सकाळी ती रेडिओ ऐकते."

"पँटचं काम होतं," दारातलं गिऱ्हाईक म्हणालं. शिवणवालीने त्याच्याकडे न बघताच हात केला.

"थांबा जरा. माझं टपाल आलंय."

"आणि एक मुलीच्या अक्षरातलं होतं," मोजणीबाई म्हणाल्या. "शेवटच्या ओळीत बाईंचा आवाज जरासा फाटतो. तिथे आमची आई रोज रडते आणि मग तिला बरं वाटतं. ते फाटणं काढू नका."

शिवणवालीचे हात मांडीवर पडले होते.

"ते मी पुन्हा घेऊ म्हणत होते," ती म्हणाली. "स्टुडिओची वेळ संपली होती, म्हणून तसंच राहिलं. जन्मभर तेवढंच कानात राहिलं माझ्या." मग तिने खुर्ची वळवली, उजवा कान मोजणीबाईंकडे केला. "पुढचं सांगा."

"पुढचं आता आठवत नाही हो."

"मग हेच पुन्हा सांगा. नीट ऐकू आलं नाही मला."

तिला ऐकू आलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. मोजणीबाईंनी घसा खाकरला आणि रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने ते कार्ड पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.