‘नको’चं बटण

माझ्या भावाची लेक ठकी सात वर्षांची झाली, पण तोंडातून शब्द नाही. म्हणून वहिनीनं टॅबवर बोलकं ॲप घेतलं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द वाजतो. यंत्राच्या आवाजाला ठकी दचकायची, तेव्हा वहिनीनं सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरले. पाणी, दूध, झोका, शू, आई, आत्या.

शाळेत मात्र ठकी चावायची. पुन्हा चावली तर तिला काढणार होते, आणि अशा मुलांची दुसरी शाळा जवळपास नाही.

तिथल्या बाईंनी टॅब पाहून विचारलं, "यात ‘नको’ कुठे आहे?"

"ते ती ओरडून सांगतेच की," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच ओरडते."

मी मनात म्हटलं, आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं. पण वहिनीनं लाल तळव्याचं चित्र टाकून ‘नको’ भरलं.

मग ठकीनं उच्छाद मांडला. दूध नको. मोजे नको. आत्या नको. ते शेवटचं मला लागलं, खोटं कशाला बोलू.

ठकीचे केस मात्र दाट. लोक तिची नजर चुकवतात, पण केसांचं कौतुक करतात, आणि वहिनी तेवढ्यावर जगते. रोज सकाळी तिला गुडघ्यांत आवळून घट्ट वेणी घालायची, ठकी किंचाळायची आणि तशीच धुमसत शाळेत जायची. एका सकाळी फणी टेकताच ‘नको’ वाजलं. वहिनीचा हात थांबला. ठकी खांदे आवळून बसली होती, आता ओढ बसणार म्हणून. ओढ बसलीच नाही. बऱ्याच वेळानं खांदे खाली आले.

"इतकी वर्षं हेच सांगत होती गं ही," वहिनी म्हणाली आणि तिनं फणी ठेवून दिली.

शाळेच्या फाटकाशी वहिनी नेहमीसारखी पापा घ्यायला वाकली. ठकीनं टॅब वर धरला.

"नको," वहिनीचाच आवाज वहिनीला म्हणाला.

घे गं, आई आहेस तू तिची, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

वहिनी सरळ उभी राहिली. "बरं," ती म्हणाली.

ठकीनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मोकळ्या केसांनी आत गेली.

त्या दिवशी ती कोणालाच चावली नाही, हे आम्हाला संध्याकाळी तिला आणायला गेल्यावर कळलं. तेव्हा मात्र वहिनीनं माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.