ताटातला कॅप्टन

डेल्मर ओस्टबीने आयुष्यभर सिनेमा-टीव्हीसाठी तारेला टांगून माणसं उडवली, आणि स्वतःचं घर मात्र बैठं घेतलं. बर्बँकच्या त्या घराला एकच पायरी होती, तीही तो कठडा धरून उतरायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला की त्याचे हात चालू व्हायचे. उजवा खाली, डावा वर, विहिरीतून पाणी शेंदावं तसे. स्वप्नात तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हळूहळू वर जात असायचं. चेहरा दिसायचा नाही, पण हाताला लागणाऱ्या ओढीवरून कोण आहे ते डेल्मरला कळायचं.

वर जायचा तो कॅप्टन टेलविंड, पडद्यावरचा उडणारा वीर. कॅप्टन सबंध देशाचा एकच, पण त्याचा अंगरखा आजवर चार नटांनी घातला, दोघांनी सिनेमात आणि दोघांनी टीव्हीवर. त्यातल्या तिघांना डेल्मरने उडवलं होतं. चारांत खरा कोण, यावर लोकांनी मैत्र्या तोडल्या होत्या. निदान एक लग्न तरी त्यावरून मोडल्याचं डेल्मरच्या कानावर होतं. कोणी हनुवटीवर मत द्यायचं, कोणी आवाजावर. डेल्मरला हनुवट्यांमधलं काही कळत नव्हतं. त्याने त्या माणसांचे तळवे पाहिले होते.

शनिवारी बर्बँकमधल्या एका हॉटेलात टेलविंडच्या चाहत्यांचा मेळावा भरला. सूत्रसंचालक गॅरेट नावाचा पंचेचाळिशीचा करसल्लागार होता. एरवी अत्यंत जबाबदार गृहस्थ, त्या दिवशी कॅप्टनच्या निळ्या-लाल पोशाखात आला होता.

"डेल्मर," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, "तीस वर्षं तुम्ही हा प्रश्न टाळलात. आज सुटका नाही. सगळ्यांत चांगला कोण उडाला?"

डेल्मरला टाळायचंच होतं. पण जेवण जड झालं होतं आणि दिवे डोळ्यांवर होते. अशा वेळी माणूस खरं बोलून जातो.

"टॉड मॅलरी," तो म्हणाला.

सभागृहात एकदम कालवा झाला. टॉड मॅलरी म्हणजे नव्वदच्या दशकातला टीव्हीवाला, सात वर्षं दर मंगळवारी आठ वाजता.

"मॅलरी? अहो, तो तर कंटाळल्यासारखा उडायचा!" गॅरेट म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. रोज उडणारा माणूस तसाच उडणार. टॉड वर हवेतच सँडविच खायचा. एकदा तर चक्क झोपला. मला तार जड लागली म्हणून कळलं. झोपला तरी गुडघे सरळ! तारेवर गुडघे वाकले की माणूस उडत नाही, खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. सगळं गुडघ्यांत असतं."

"आणि ब्रेंट ॲस्क्यू? सत्तरच्या दशकातला तो सिनेमा! ती नजर! समीक्षक म्हणाले होते, दैवी शांती!" एक चाहता ओरडला.

"ती उलटी होऊ नये म्हणून घेतलेली गोळी," डेल्मर म्हणाला. "ब्रेंटला उंचीची भीती होती. तार माझ्या हातात थरथरायची. पण जमिनीला पाय लागले की तो तिच्याकडे असा बघायचा, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचं पृथ्वीवर खरंच प्रेम आहे. दुसरा नंबर."

तिसरा त्याने केलन रूसला दिला. केलन शेवटचा आणि सगळ्यांत देखणा. तो हवेत मनातल्या मनात ताल मोजायचा, एक-दोन-तीन-चार, आणि ते डेल्मरला तारेतून कळायचं. त्याच्या खांद्यांवर कॅप्टनची ती फडफडती झूल नव्हतीच, ती नंतर संगणकावर चढवली. नसलेली झूल सांभाळत उडणं सोपं नसतं. पण तेवढ्या सांभाळण्यात गुडघे किंचित वाकायचे.

"आणि पहिले कॅप्टन, हॉलिस व्हेनेबल?" गॅरेटने विचारलं. "छप्पन सालची मालिका?"

"त्यांना मी नंबर देत नाही. ते उडालेच नाहीत, ते ताटात होते."

लोक हसले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या काळी पैसे नव्हते, म्हणून नटाच्या छातीपोटाचा साचा काढून त्याचं एक ताट केलं होतं. ते मागून एका दांड्यावर बसवायचे, नटाने त्यात पालथं पडायचं, वरून झूल, समोरून पंखा. जमिनीपासून उंची तीन फूट. सहा वर्षांच्या डेल्मरने शेजाऱ्यांकडे ती मालिका बघितली होती, आणि या माणसाला धरलंय कशाने ते बघायला तो टीव्हीच्या मागे गेला होता. पुढे ताटाची गोष्ट कळली तेव्हा तोही इतरांसारखा हसला. जरा जास्तच हसला असावा.

मागच्या रांगेत एक काठी जमिनीवर आपटली.

"ए तारवाल्या!"

म्हातारबुवा उभे राहिले. उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात सभागृहातलं हसू विरून गेलं. हॉलिस व्हेनेबल, वय एकोणनव्वद.

डेल्मर धडपडत व्यासपीठावरून खाली उतरला. "सर, मला माहीत नव्हतं तुम्ही इथे—"

"माहीत असतं तर खोटं बोलला असतास. म्हणून तर मागे बसलो."

"माझं चुकलं. तुम्ही तर पहिले. तुमचा नंबर पहिलाच—"

"पहिला नंबर मला गेल्या महिन्यात एका मुलाखतवाल्याने दिला. का, तर बाकीच्यांपेक्षा मी लवकर मरणार. पोरा," ते एकोणसत्तर वर्षांच्या डेल्मरला म्हणाले, "साठ वर्षं लोक एक तर मला हसतात, नाही तर माझी कीव करतात. मला नंबर हवाय. खरा. आणि न उडवता तो द्यायचा तुला हक्क नाही. कधी उडवतोस?"

डेल्मरचं उडवण्याच्या सामानाचं गोदाम आता त्याची मुलगी कॅरिन चालवायची. सन व्हॅलीतलं ते लांबलचक पत्र्याचं गोदाम, छताला कप्प्या, भिंतीला तारांची वेटोळी.

"डॅड, ते एकोणनव्वद वर्षांचे आहेत."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"विमावाले आधी हसतील आणि मग आपल्याला रडवतील. डॉक्टरची चिठ्ठी आणायला सांगा. चिठ्ठीशिवाय एक इंच वर नाही."

गुरुवारी दुपारी म्हातारबुवा चिठ्ठी घेऊन आले. कॅरिनने ती दोनदा वाचली. रुग्णाचे दात व हिरड्या उत्तम असून उडण्यास हरकत नाही, असं तीत लिहिलं होतं.

"मिस्टर व्हेनेबल, हे दातांचे डॉक्टर आहेत!"

"डॉक्टरच आहेत ना? मला चाळीस वर्षं ओळखतात. हृदयाचे होते ते सगळे वारले."

कॅरिनला हसू फुटलं, आणि तिथेच ती हरली. तरी हरतानाही तिने अटी घातल्या. उंची बारा फूट, खाली दुहेरी गाद्या, वेळ दहा मिनिटं, आणि त्याआधी तिने स्वतः फोन करून एका हृदयाच्या, जिवंत डॉक्टरांशी बोलून घेतलं.

"तुमचं वजन किती?" तिने विचारलं.

"एकशे नव्वद पौंड," म्हातारबुवा ताबडतोब म्हणाले. छप्पन सालच्या जाहिरातीत तेवढं छापलं होतं.

डेल्मर पुढे झाला आणि त्याने त्यांना मिठी मारली. नट एक वेळ वय खरं सांगेल, वजन सांगायचा नाही. आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला त्याच वजनाचा भार लावावा लागतो. ब्रेंट ॲस्क्यूने चौदा पौंड चोरले होते, तेव्हा पहिल्या दिवशी तो चाळीस माणसांसमोर नुसता चवड्यांवर उभा राहिला. म्हणून डेल्मर प्रत्येकाला मिठी मारून जरासा उचलून बघायचा. तिघाही कॅप्टनांचा समज होता की हा माणूस फार प्रेमळ आहे.

म्हातारबुवा उचलले गेले ते मिटलेल्या छत्रीसारखे.

"एकशे सव्वीस," डेल्मर कॅरिनला हळूच म्हणाला. एकशे नव्वदचा भार लावला असता तर कॅप्टन बाटलीच्या बुचासारखे छताला लागले असते.

तारेला अडकवायचे मोठ्यांचे पट्टे त्यांना ढगळ झाले. शेवटी नाताळच्या खेळातल्या देवदूतांचे, म्हणजे दहाबारा वर्षांच्या मुलींचे पट्टे काढले. त्यावर म्हातारबुवांनी कागदी पिशवीतून आपला जुना अंगरखा काढून चढवला.

"हा तर तपकिरी आहे!" कॅरिन म्हणाली.

"निळा आणि लाल तेव्हाच्या कृष्णधवल टीव्हीत एकसारखेच काळे दिसायचे. म्हणून हा. अख्ख्या देशाने मला निळा पाहिला, बाई. मी दोन वर्षं तपकिरी होतो."

आधी एकशे सव्वीस पौंडांची वाळूची पिशवी वर गेली आणि बिनतक्रार खाली आली. मग डेल्मरने हातमोजे घातले. आडवं सरकवायची दुसरी तार कॅरिनने धरली. त्याने नऊ वर्षांत जागेपणी तार ओढली नव्हती. छताच्या मळक्या काचांतून दुपार खाली उतरत होती, आणि त्या उजेडात धूळ इतकी सावकाश फिरत होती की तिलाही कोणी तारेवर धरलंय असं वाटावं.

"तयार, कॅप्टन?"

"मी साठ वर्षं तयार आहे."

उजवा खाली, डावा वर. तपकिरी अंगरखा गादीवरून सुटला. तीन फूट झाले, आणि डेल्मर नकळत थबकला. मग चार झाले, आठ झाले, बारा.

तारेत काही नव्हतं. ब्रेंटची थरथर तारेत असायची, टॉडची झोप असायची, केलनचे आकडे असायचे. इथे काहीच नव्हतं. रिकामी तार ओढावी तसं. डेल्मरला वाटलं आपण पुन्हा खुर्चीत झोपलो आहोत, आत्ता जाग येईल आणि हात मांडीवर पडलेले असतील. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला, माणूस तिथे आहे का, हे मान वर करून बघावं लागलं.

माणूस तिथे होता. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकाला तो हळूहळू चालला होता आणि त्याची तपकिरी सावली खालच्या खोक्यांवरून, शिड्यांवरून, कॅरिनच्या डब्यावरून सरकत होती. बाहेर रस्त्यावर कोणी पाण्याच्या नळीने गाडी धूत होतं. तो आवाज फार लांबून, कुठल्या तरी समुद्रावरून आल्यासारखा येत होता.

"मिस्टर व्हेनेबल? ठीक आहात ना?" कॅरिनने विचारलं.

मग वरून आवाज आला, म्हातारा नव्हे, कुठल्याच वयाचा नव्हे.

"ताटात मी जागचा हलायचो नाही. मागचं आभाळ हलायचं. पुठ्ठ्याचं होतं, एक माणूस हाताने फिरवायचा. तो शिंकला की ढग उलटे जायचे." त्यांनी छताच्या काचांकडे मान वळवली. "आज आभाळ जागेवर आहे."

ते पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. दहा मिनिटांची वीस झाली. कॅरिनने घड्याळ बघितलं आणि मग खिशात टाकलं. कॅप्टनना खाली यायचंच नव्हतं. डेल्मरनेही घाई केली नाही. शेवटी वरूनच हुकूम आला.

"उतरवा. मला बाथरूमला जायचंय."

ते परत आले, खोक्यावर बसले आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. चेहरा अजून जरा वरच राहिलेला.

"बोल. कितवा?"

कॅरिनने वडिलांच्या बाहीला हिसका दिला. "पहिला म्हणा," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

डेल्मरने त्या माणसाकडे बघितलं. पहिला म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडात आलंच होतं.

"चौथा," तो म्हणाला.

कॅरिनने डोळे मिटले.

"हनुवटी उत्तम," डेल्मर पुढे बोलत राहिला, कारण आता थांबणं जास्त वाईट झालं असतं. "तशी हनुवटी तिघांत कोणाची नव्हती. वळताना अजिबात घाई नाही, तेही चांगलं. पण डावा हात काहीतरी धरल्यासारखा होता, ताटाची कड असावी. आणि गुडघे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाकलेले. तुम्ही सबंध वेळ खुर्चीत बसला होतात, सर."

बाहेरची नळी बंद झाली.

"चारांत चौथा?"

"चारांत."

"शनिवारी तीनच होते."

"हो."

"म्हणजे तू मला शेवटचा नंबर दिलास."

"दिला."

म्हातारबुवांच्या खांद्यांतून काहीतरी हलत वर आलं. कॅरिनने घाबरून पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत. अगदी तरुण दातांनी.

"त्या केलन रूसपेक्षा किती मागे आहे मी?"

"गुडघ्यांइतका."

"त्याचेही वाकतात म्हणालास."

"त्याचे किंचित. तुमचे भरपूर."

"सुधारतात का?"

डेल्मरने थोडा विचार केला. कीव टाळायची तर हेही खरंच सांगायला हवं होतं. "बाकावर पालथं पडायचं, पाय जोडायचे, टाचा वर. दिवसातून तीनदा. आळशी माणसाचे नाही सुधारत."

"पुढच्या गुरुवारी किती वाजता?"

"दोन," कॅरिन म्हणून गेली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने कपाळाला हात लावला.

तिनेच त्यांना गाडीतून घरी पोचवलं. डेल्मर मागे बसला. म्हातारबुवा पुढच्या सीटवर, अंगात अजून तो तपकिरी अंगरखा, पाय पुढे जातील तितके ताणलेले, चवडे जोडलेले. सबंध वाटेत ते एकदाही हलले नाहीत. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं.

घर आलं. दार उघडून त्यांनी काठी बाहेर टेकली आणि एक पाय उचलला.

"गुडघा!" डेल्मर मागून ओरडला.

"गाडीतून उतरताना वाकवावाच लागतो, गाढवा," कॅप्टन टेलविंड म्हणाले, आणि तरी जमेल तेवढा सरळ ठेवून, फार वेळ घेऊन, फार खुशीत, जमिनीवर उतरले.