गाडीमागचं नाव

"ज्यानं त्यानं मोबाईल काढून रस्त्यावर फौजदार व्हायचं, हे काय चाललंय?" अर्धापूरला चहाच्या टपरीवर उभं राहून मी ओरडत होतो. "गाडी चालवा की लेको, शूटिंग कशाला करून राहिले!" टपरीवरचे सगळे हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले. ते मोबाईलमध्ये माझीच गाडी बघून हसत होते.

मी रविकांत. माझी पिकअप हाय. शेतातनं केळी भरायची अन् नांदेडला पिकवायच्या गोडाऊनवर टाकायची, हा माझा धंदा. गोडाऊन पडतं रस्त्याच्या उजव्या अंगाला, अन् दुभाजकातून वळायची जागा लई पुढं. म्हणून आम्ही सगळेच आधीच्या फटीतून शिरतो अन् उलट्या बाजूनं गाडी घालतो. सगळेच घालतात म्हणून मीही घालतो, एवढंच माझं शहाणपण.

दोनच दिवसांआधी असाच उलट्या बाजूनं चाललो होतो, तवा समोरून एक बाई स्कूटीवर आली. पुढं फळीवर बारकी पोरगी उभी. मी हॉर्नवरचा हात काढलाच न्हाई. चूक माझी अन् हॉर्नही माझाच! बाई घाबरून रस्त्याच्या खाली उतरली, स्कूटी मुरुमात कलंडता कलंडता वाचली. वर मीच काच खाली करून तिला बोललो, "दिसत न्हाई का ओ?" अन् निघून गेलो. तिनं मागून मोबाईल काढला.

व्हिडिओत माझं तोंड न्हाई. नंबरही तिनं पुसट केलेला, पण मी तिला काय बोललो ते खाली लिहिलेलं. दिसतो फक्त मागचा फाळका. गाडी घेतली तवा मुनीब पेंटरकडून हौसेनं लेकीचं नाव त्यावर लिहून घेतलं होतं. 'लुंबिनी', गुलाबी अक्षरात, दोन्ही अंगाला कमळं.

"जाऊ द्या हो, नंबर कुठं दिसतोय! कोण ओळखतंय?" असं म्हणून मी टपरीवर अजून एक चहा सांगितला.

लुंबिनी नांदेडला कॉलेजला हाय. त्या संध्याकाळी घरी आली ती तोंडावर ओढणी घेऊन पडून राहिली. जेवली न्हाई. तिच्या आईनं लई विचारलं तवा कळलं. व्हिडिओ वर्गात सगळ्यांच्या मोबाईलवर गेला होता, अन् वर्गात लुंबिनी एकच. ही दारात आली की पोरं तोंडानं हॉर्न वाजवायची. "सरका रे, लुंबिनी आली, उलट्या बाजूनं आली!" एका पोरीनं तर तिला विचारलं म्हणे, हप्ता फिटला का गं गाडीचा?

"मी उद्यापासून कॉलेजला जाणार न्हाई," लुंबिनी ओढणीतूनच म्हणाली.

माझं टाळकंच फिरलं. पोरांवर न्हाई, माझ्यावर तर न्हाईच न्हाई. त्या बाईवर! व्हिडिओवर तिचं नाव होतं, नाझनीन. विचारपूस केली तर नांदेडातच देगलूर नाक्याकडं तिचं ब्लाउज शिवायचं दुकान निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन धडकलो.

"व्हिडिओ तुम्हीच टाकला का?" मी दारातूनच आवाज चढवला.

ती बारकी पोरगी खाली चिंध्या मांडून खेळत होती. तिनं वर बघितलं, मला ओळखलं अन् पटकन मशीनच्या मागं जाऊन लपली. माझा आवाज तिथंच उतरला.

"हाव, मीच," नाझनीन म्हणाली. मशीन थांबवलं तिनं. "आधी पोलिसांत तक्रारीचा फोन केला होता, कुणी दाद दिली न्हाई. म्हणून टाकला. नंबर झाकला मी, भाऊ. म्हटलं, ह्याचं पोट हाय गाडीवर, कुणी गाठून मारायला नको."

"अन् नाव?"

"नाव? ते तर गाडीचं ना?"

"माझ्या लेकीचं हाय. तिला पोरं लई छळून राहिले."

"या अल्ला!" ती खालीच बसली. "भाऊ, कसम से, माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

भांडायला गेलेला माणूस मी. जिला रस्त्यावरून खाली घातलं, तिनं माझ्या पोटाचा विचार केला होता. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला. "आपा," मी म्हटलं, "नंबर दाखवा, तो माझा हाय. माझं नाव टाका, फोटो टाका. लेकीचं तेवढं झाका."

तिनं माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. "पण लोकांनी पुढं पाठवला तो कसा परत आणू, भाऊ?" असं विचारताना तिचे डोळे भरले होते.

तिथून मी गाडी थेट मुनीबकडं घातली. फाळका पुसायला सांगितला. "राहू द्या की, किती मन लावून काढलं होतं," तो म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो. त्यानं मुकाट्यानं त्यावर काळा रंग मारला.

घरी येऊन लुंबिनीला हाक मारली. "बघ बाई. मिटलं सगळं. आता तुला कुणी काही म्हणणार न्हाई."

ती फाळक्याकडं बघत राहिली. रंग अजून ओला होता.

"पप्पा, उलट्या बाजूनं कोण गेलं होतं?"

"मी."

"अन् त्या बाईला कोण बोललं?"

"मीच की."

"मग नाव माझं का पुसलं?"

"तुझ्यासाठीच..." म्हणत मी ओल्या रंगावर बोट फिरवलं. पोरीकडं बघवेना.

सकाळी तिनं आपणहून बॅग उचलली. मला तेवढ्यानंही हायसं वाटलं. रोज माझ्यासंगंच यायची, म्हणून मी गाडी चालू केली अन् पुढचं दार उघडून धरलं.

"नको," ती म्हणाली, "मी बसनं जाते."